निवृत्तीनंतरचा धम्मगट: आधी माणसं जमवा, पाटी नंतर लावा

जय भीम, नमो बुद्धाय!

मुंबईच्या चाळींतून, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या क्वार्टर्समधून आपली एक अख्खी पिढी बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, विरार, पनवेल अशा ठिकाणी फ्लॅट घेऊन राहायला आली. बँक, पोस्ट, रेल्वे, वीज मंडळ, महापालिका, शाळा अशा नोकऱ्या केलेली ही माणसं. नोकरी होती तोवर काही अडलं नाही. घरी बसल्यावर लक्षात येतं की विहार जुन्या वस्तीत राहिला, मैत्रिणी तीन लोकल बदलून भेटणाऱ्या झाल्या आणि पौर्णिमेला पांढरी साडी नेसून नेमकं जायचं कुठे हेच ठाऊक नाही. अशा वेळी दहा-पंधरा निवृत्त उपासक-उपासिकांचा नेमाने भेटणारा गट फार उपयोगी पडतो. आमचा गट अंबरनाथ-बदलापूर भागात आहे आणि टिकून आहे. तुम्हाला तुमच्या भागात असा गट सुरू करायचा असेल तर कुठल्या क्रमाने जावं आणि कुठे पाय घसरतो, ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. आपल्याकडे सगळे उलट्या टोकाने सुरू करतात. आधी नाव, मग लेटरहेड, मग अध्यक्ष, मग जागेसाठी वर्गणी. माणसं जमायची ती उद्घाटनाला, आणि नंतर कुलूप. असे कुलूपबंद विहार तुम्हीही पाहिले असतील; १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा सोडली तर किल्ली कुणाकडे आहे हेही कुणाला सांगता येत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. नक्की काय हवंय ते ठरवा

"निवृत्तांचा बौद्ध समूह" म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र येतं. कुणाला वंदना आणि ध्यान हवं असतं, कुणाला ग्रंथवाचन. कुणाला फक्त बोलायला माणूस हवा असतो आणि तो हेतू अजिबात हलका नाही. कुणाच्या मनात थेट एकत्र राहण्याची वसाहत असते. पहिल्या दोन-तीन भेटींत हे मोकळेपणाने बोलून घ्या.

माझं मत विचाराल तर आठवड्यातून एकदा वंदना, थोडं ध्यान, वाचन आणि एकमेकांची विचारपूस एवढ्यावर सुरुवात करा. महापरिनिब्बान सुत्तात राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर मगधाचा राजा अजातशत्रूचा महामंत्री वस्सकार भगवंतांकडे येतो. वज्जींना, म्हणजे शेजारच्या गणराज्यातल्या लोकांना, जिंकता येईल का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. भगवान बुद्ध तेव्हा वज्जींची अधोगती न होऊ देणाऱ्या सात गोष्टी सांगतात. त्यातल्या पहिल्या दोन अशा: ते वारंवार एकत्र जमतात, आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठतात. जमायला स्वतःची जागा किंवा इमारत हवी, असं त्या सातांत नाही. वडीलधाऱ्यांचा मान मात्र आहे.

२. पहिली सात-आठ माणसं

जाहिरात करू नका. पेन्शनच्या रांगेत, सकाळी बागेत, लग्नात, जुन्या ऑफिसच्या स्नेहमेळाव्यात अशी माणसं भेटतात. पहिल्या गटात तीन प्रकारची माणसं असावीत: पाली गाथा नीट म्हणता येणारं एखादं, हिशेबाची सवय असलेलं एखादं, आणि सर्वांना फोन करून "आलात का, का नाही आलात" असं विचारणारं एखादं. तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि ती बहुधा बाईच असते.

नवरा-बायको दोघांनाही बोलवा. "साहेब येतील, मॅडमना घरी काम असतं" हे ऐकून घेऊ नका. साहेबांना म्हणावं, एक दिवस भात तुम्ही लावा.

आपल्यात कुणी भारतीय बौद्ध महासभेचं काम केलेलं असतं, कुणी त्रिरत्न बौद्ध महासंघात जाणारं, कुणी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची शिबिरं केलेलं. काहींच्या घरात सुनेचं देवघरही असतं. पहिल्याच महिन्यात कुणाच्या घराची झडती घेऊ नका. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या, देवदेवतांची पूजा सोडायला सांगणाऱ्या बावीस प्रतिज्ञा सर्वांना माहीत आहेत. त्या रोजच्या जगण्यात कशा आणायच्या हे वाचनातून हळूहळू निघतं. बोट दाखवलं की माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही.

३. वेळ आणि जागा

निवृत्त माणूस रिकामा असतो हा तरुणांचा गैरसमज आहे. सकाळी नातवंडांची शाळेची बस, दुपारी त्यांना घेऊन येणं, संध्याकाळी सून कामावरून येईपर्यंत घर सांभाळणं. रविवारी मुलं घरी असतात, पाहुणे येतात. रविवारी विहारात जावं हे आपल्यावर बिंबलेलं आहे आणि ते चांगलंच आहे, पण निवृत्तांच्या गटासाठी आठवड्यातला कामाचा दिवस, साडेदहा ते बारा, ही वेळ सर्वांत चालते. लोकलची गर्दी ओसरलेली असते आणि बारा-साडेबाराला घरी पोचता येतं.

जागेसाठी पहिला विचार जवळच्या वस्तीतल्या विहाराचा करा. सकाळी तो रिकामाच असतो. समितीला लेखी पत्र द्या, झाडलोट आणि विजेचा खर्च आम्ही देऊ म्हणा, कार्यक्रमात त्यांच्या नावाचा उल्लेख करा. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण वस्तीकडे पाठ फिरवतो, हा आरोप आपल्यावर होतो आणि तो पुष्कळ खरा आहे. अशाने तोही थोडा धुऊन निघतो.

सोसायटीचं क्लबहाउस मिळत असेल तर व्यवस्थापक समितीकडे रीतसर अर्ज करा, लाउडस्पीकर लावणार नाही असं त्यातच लिहा आणि भाड्याची पावती घ्या. तोंडी परवानगी पुढच्या निवडणुकीनंतर टिकत नाही.

जागा कुठलीही असो, या गोष्टी आधी स्वतः जाऊन बघा:

- तळमजला किंवा चालू लिफ्ट
- जवळ स्वच्छ स्वच्छतागृह, शक्यतो कमोड असलेलं (यावरून माणसं यायची थांबतात, पण लाजेने सांगत नाहीत)
- निम्म्या माणसांना पुरतील एवढ्या खुर्च्या, बाकीच्यांना चटया किंवा सतरंज्या
- पायऱ्यांना कठडा, पावसात न घसरणारी फरशी
- वाचता येईल एवढा उजेड

खुर्चीत बसणं म्हणजे कमी श्रद्धा, असं कुणी पुटपुटलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. गुडघे बदललेल्या माणसाला मांडी घालायला लावण्यात कसलंही पुण्य नाही.

४. दीड तासाची बैठक

ठरलेला क्रम असला की नवं माणूस गोंधळत नाही आणि जुनं माणूस भाषणाला उभं राहत नाही. आमचा साधारण क्रम असा:

- सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं: त्रिसरण, पंचशील, बुद्ध-धम्म-संघ वंदना, भीमस्मरण
- वीस मिनिटं आनापान, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष
- अर्धा तास वाचन, आळीपाळीने, प्रत्येकी एक-दोन पानं
- त्यावर बोलणं, प्रत्येकाला तीन मिनिटं
- शेवटी मैत्री भावना, आणि चहा

तीन मिनिटांच्या नियमासाठी टेबलावरची घंटी ठेवा आणि ती सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीच्या हातात द्या. आयुष्यभर मीटिंगा घेतलेल्या माणसाला समोर दहा श्रोते दिसले की राहवत नाही. हा टोमणा नाही, सवय आहे. घंटीने ती सुटते.

गाथा पालीत म्हणा, पण महिन्यातून एकदा एकेका गाथेचा मराठी अर्थ सावकाश समजून घ्या. पंचशीलातल्या नशा न करण्याच्या शीलात पन्नास वर्षं "सुरामेरयमज्जपमादट्ठाना" म्हणणाऱ्यांनाही त्या शब्दाची फोड करून सांगितली की नवल वाटतं.

म्हातारपणावर बोलायचं तर नकुलपित्याची कथा घ्या. भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीला हा वृद्ध गृहस्थ भगवंतांकडे येतो आणि सांगतो, मी थकलो आहे, सतत आजारी असतो. त्याला उपदेश मिळतो की शरीर आजारी असलं तरी मन आजारी होणार नाही असा अभ्यास कर. या एका कथेवर आमच्याकडे जितकं बोलणं झालं तितकं दुसऱ्या कशावरही झालं नसेल. साखर, बीपी, मोतीबिंदू, सगळं त्यात आलं.

५. वर्षावास आणि उपोसथ

सुरुवात कधी करायची? उन्हाळा संपता संपता दोन-चार बैठका घ्या आणि आषाढ पौर्णिमेला ग्रंथवाचन सुरू करा. आषाढ ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ. महाराष्ट्रात विहारोविहारी या तीन महिन्यांत "बुद्ध आणि त्यांचा धम्म" वाचला जातो, त्यामुळे लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी अनुवाद घराघरात असतो, बहुतेक वेळा कपाटात. तो बाहेर काढायला सांगा. मोठ्या अक्षरांची एक प्रत गटासाठी घ्या. तीन महिन्यांत सवय लागली की पुढचं वर्ष सोपं जातं.

पौर्णिमेला अष्टशील (आठ शीलं) घेऊन उपोसथ, म्हणजे व्रताचा दिवस, करायची काहींची इच्छा असते. इथे सावध राहा. अष्टशीलात दुपारनंतर जेवायचं नसतं. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि गटाने त्याला तसं स्पष्ट सांगावं. उत्साहात कुणी ऐकत नाही, म्हणून आदल्या बैठकीतच सांगा. अशांनी पंचशील पाळून दिवसभर बाकीच्यांसोबत बसावं, वेळेवर जेवावं, गोळी घ्यावी.

भन्तेंना, म्हणजे भिक्खूंना, बोलवायचं असेल तर येण्याजाण्याची सोय तुमची, भोजनदान बाराच्या आत, आणि प्रवचन किती वेळ चालेल ते आधी नम्रपणे विचारून घ्यायचं. भन्ते दर आठवड्याला येतील या आशेवर गट उभा करू नका. ते आले तर आनंद, नाही आले तरी आपली बैठक होतेच, अशी घडी बसवा.

६. ध्यान कोण शिकवणार?

विपश्यनेची शिबिरं केलेली माणसं गटात असतील तर त्यांना ध्यान शिकवण्याचा आग्रह होतो. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत शिकवण्याची मुभा नेमलेल्या आचार्यांनाच असते. म्हणून गटात साधं आनापान ठेवा. ज्यांना पुढे जायचं त्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला जावं. तिथे फी नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. अर्जात आजार, औषधं, मानसिक त्रास हे लपवू नका. दहा दिवस मौन आणि रोजची दीर्घ बैठक म्हातारपणी सोपी नाही, आणि तिथल्या लोकांना आधी माहीत असेल तर खुर्चीची, औषधांची सोय होते.

७. पैसे

माणसी महिना पन्नास रुपये पुरतात. ज्याला जमत नाही त्याने देऊ नये आणि ते कुणाला कळूही नये. त्यासाठी पाकिटाऐवजी दानपेटी ठेवा. नोंदणी होईपर्यंत गटाच्या नावाने बँक खातं उघडणं अवघड जातं, म्हणून पैसे एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे. दर महिन्याला जमाखर्च वाचून दाखवा, अगदी चहापत्तीसकट. बँकेत, ट्रेझरीत नोकरी केलेली माणसं समोर बसलेली असतात. त्यांना वही दाखवली नाही तर ती मनातल्या मनात बेरीज करत बसतात.

एकाच्या वैयक्तिक गूगल पे नंबरवर देणग्या गोळा करणं पूर्ण टाळा. माणूस कितीही सचोटीचा असला तरी दोन वर्षांनी त्याच्यावरच बालंट येतं.

८. भांडणं कुठून येतात

चार ठिकाणांहून येतात, आणि चारही तुमच्या परिचयाची आहेत.

पहिलं, पक्ष. रिपब्लिकन चळवळीतले गट-तट निवृत्तीनंतरही निवृत्त होत नाहीत. बैठकीत आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पक्षाचं काही नको, हा नियम पहिल्या दिवशी ठरवा. चहाच्या टपरीवर खुशाल वाद घाला.

दुसरं, पदं. सुरुवातीची दोन वर्षं अध्यक्षच ठेवू नका. दर महिन्याला एक जोडी बैठक सांभाळेल असं करा. एकेकाळी वर्ग एकचा अधिकारी असलेल्या माणसाने सतरंजी घालायची पाळी आली की गटाचं अर्धं काम होतं.

तिसरं, बायकांनी कष्ट करायचे आणि पुरुषांनी माईक धरायचा. खीरदानाला पातेली कोण घासतं आणि फोटोत पुढे कोण उभं असतं, हे एकदा बघून घ्या. वाचन, हिशेब आणि बाहेरचा पत्रव्यवहार यांत निम्म्या जबाबदाऱ्या बायकांकडे असाव्यात असं लिहूनच ठेवा.

चौथं, व्हॉट्सअ‍ॅप. फक्त निरोपांसाठी एक गट ठेवा, ज्यात दोघांनाच लिहिता येतं. सुप्रभात आणि सुविचारांसाठी दुसरा गट हवा तर काढा. पहिला न ठेवल्यास कुणाच्या निधनाची बातमीही फुलांच्या चित्रांखाली गाडली जाते.

९. नोंदणी: कधी आणि कशी

एक वर्षावास नीट पार पडल्याशिवाय नोंदणीच्या वाटेला जाऊ नका. नोंदणी झाली की दरवर्षीची कामं सुरू होतात: लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, ठराव, बदलांची नोंद. तुम्हाला फक्त भेटायचं आणि वाचायचं असेल तर नोंदणीवाचून काही अडत नाही. खातं, देणग्या, भाड्याची जागा, सरकारी योजनेत सहभाग हे हवं असेल तेव्हाच करा.

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण लागतात. त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होतात. साधारण लागणारी कागदपत्रं:

- संस्थेची दोन-तीन पर्यायी नावं (पहिलं बहुधा आधीच कुणीतरी घेतलेलं असतं)
- ज्ञापन, म्हणजे उद्देश, आणि नियमावली किंवा घटना
- पहिल्या कार्यकारी मंडळाची यादी: नाव, वय, व्यवसाय, पत्ता, सह्या
- प्रत्येकाचं आधार, पॅन, फोटो आणि संमतिपत्र
- कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल
- संस्था स्थापन करण्याच्या सभेचा ठराव

वकील किंवा सल्लागार आयती घटना देतो. ती न वाचता सही करू नका. निवृत्तांच्या गटासाठी तीन कलमं मुद्दाम घाला: एका पदावर सलग किती काळ राहता येईल, आजारपणात किंवा निधनानंतर जागा कशी भरायची, आणि खात्यावर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या. दोघांच्याच सह्या ठेवल्या आणि त्यातलं एक अमेरिकेला मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलं की सगळं ठप्प.

विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत त्याची नोंद धर्मादाय कार्यालयात करायची, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. हा कंटाळा आपल्या अनेक जुन्या विहारांना भोवला आहे. कागदावरचे सगळे विश्वस्त वारलेले, आणि प्रत्यक्षात दोन समित्या एकमेकींविरुद्ध कोर्टात.

देणगीदारांना आयकरात सवलत देणारी, ८०-जी या नावाने ओळखली जाणारी नोंदणी हवी असेल तर लक्षात ठेवा: संस्थेचा लाभ एकाच धर्माच्या लोकांपुरता मर्यादित असेल तर ती मिळत नाही, आणि धार्मिक कामावरचा खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ज्येष्ठांची सेवा, वाचनालय, आरोग्य असे उद्देश सर्वांसाठी खुले ठेवायचे की विहार म्हणूनच चालवायचं, हे घटना लिहितानाच ठरवा.

परदेशी पैसा हा आणखी एक खड्डा. मुलगा दुबईत नोकरी करतो आणि त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तर त्याची बँकेतून आलेली देणगी चालते. मुलीने अमेरिकेचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती तुमची मुलगी असली तरी तिची देणगी कायद्याने विदेशी अंशदान ठरते. विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या संस्थेने ती घेऊ नये.

१०. एकमेकांची काळजी

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नसतं. भगवान बुद्ध आणि आनंद त्याला स्वतःच्या हातांनी धुतात, आणि मग भिक्खूंना सांगितलं जातं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. आमच्या मते निवृत्तांच्या गटाचा हाच खरा कार्यक्रम आहे. वंदना दीड तासाची, हे बाकी सगळा आठवडा.

दोघादोघांच्या जोड्या लावा, जवळ राहणाऱ्यांच्या. रोज सकाळी एकमेकांना नुसता मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला नाही की जाऊन बघायचं. एकट्या राहणाऱ्यांची एक जादा किल्ली जोडीदाराकडे किंवा शेजारी असावी.

प्रत्येकाच्या घरी दाराच्या आत चिकटवायचा एक कागद करा: रक्तगट, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टर, दोन नातेवाइकांचे नंबर. रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७, पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. व्हिडिओ कॉलवरून "डिजिटल अरेस्ट" अशी भीती घालणाऱ्यांचं लक्ष्य आपल्याच वयाची माणसं असतात. दर काही महिन्यांनी त्यावर बैठकीत बोला.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचा एक दिवस ठेवा. जीवन प्रमाणची चेहरा ओळखणारी सोय मोबाइलवर आहे. गटातल्या एकाला ती जमली की बाकीच्यांचे बँकेचे हेलपाटे वाचतात. सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही. केंद्र सरकारच्या किंवा तशा दुसऱ्या आरोग्य योजनेत असणाऱ्यांना मात्र एकच निवडावी लागते, ते आधी तपासा.

सहलीही यातच धरा. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर राज्यात मोफत प्रवास आहे. बायकांना कुठल्याही वयात अर्धं तिकीट. पहिल्यांदा कार्ल्याला नेऊ नका, पायऱ्यांनीच निम्मी माणसं गळतात. नालासोपाऱ्याचा स्तूप सपाटीवर आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरून काढला. गुडघेवाल्यांसाठी याहून चांगली सुरुवात नाही. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, दोन्ही एका फेरीत करणाऱ्यांनी वार बघूनच गाडी ठरवावी. बोधगया, सारनाथ, कुशीनगर हिवाळ्यात.

११. अखेरची फाइल

हा विषय काढला की पहिल्यांदा सगळे गप्प होतात आणि नंतर सर्वांत जास्त प्रश्न याच बैठकीत येतात. प्रत्येकाने एक फाइल करावी आणि ती कुठे आहे हे दोघांना सांगावं.

- अंत्यविधी बौद्ध पद्धतीनेच व्हावा, पुण्यानुमोदनाला (मृत्यूनंतरच्या विधीला) काय करावं, काय करू नये, हे स्वतःच्या अक्षरात. भिन्नधर्मीय सून-जावई असतील तर त्यांनाही ऐन वेळी सोपं जातं.
- विधी करणाऱ्या दोन बौद्धाचार्यांचे नंबर, एक बाहेरगावी असू शकतो.
- नेत्रदान, देहदान करायचं असेल तर अर्ज भरून ठेवा आणि मुलांना समोर बसवून सांगा. अर्ज भरलेला असला तरी शेवटी होकार नातेवाइकांचा लागतो. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.
- मृत्युपत्र: नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करायचं नाही. मृत्युपत्र नसेल तर बौद्धांच्या वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागतो. हे ऐकून बरेच जण चिडतात, पण कायदा आज तसा आहे.
- राहतं घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायचं असेल तर "आमचा सांभाळ करावा" ही अट कागदातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ न झाल्यास असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेली नसेल तर लढाई अवघड होते.

१२. एकत्र राहायचंय? सावकाश

गट जमला की वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी म्हणतंच, "आपण सगळे एकाच ठिकाणी राहिलो तर?" विचार सुंदर आहे. पण हे ऐकायला आणखीही कुणी टपलेलं असतं. बुद्धमूर्ती, बोधिवृक्ष आणि "धम्मभूमी"सारखं नाव छापलेली प्लॉटची पत्रकं जयंतीच्या मंडपात वाटली जातात, आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात असलेला माणूस भावनेने सही करतो. माल विकणाऱ्याची जात-धर्म बघून सात-बारा बदलत नाही.

पैसे देण्याआधी सात-बारा आणि फेरफार स्वतः काढा. जमीन शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात ती परवानगीशिवाय घेता येत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरं असतील तर प्रकल्पाचा महारेरा (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. दवाखाना किती लांब, रात्री रिक्षा मिळते का, पाणी कुठून येतं, हे पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा जाऊन बघा. विश्वस्त संस्थेच्या नावावर जमीन घेतली तर पुढे ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हेही आधी समजून घ्या. आणि संस्थेच्या पैशांत सभासदाची खासगी घरं कधीही मिसळू नका.

त्यापेक्षा साधा मार्ग म्हणजे आहे त्याच भागात जवळ येणं. कुणाचा फ्लॅट भाड्याने निघाला, विकायला निघाला की आधी गटात सांगायचं. आमच्यातल्या दोन उपासिका अशा एकाच इमारतीत आल्या. एकीकडे सकाळचा चहा, दुसरीकडे संध्याकाळचा, आणि दोघींची भाजी एकीचाच मुलगा आणतो. ज्यांना एकत्र राहण्याचा अनुभव घ्यायचाच आहे त्यांनी आधी वर्षावासात एखाद्या विहाराच्या किंवा शिबिर केंद्राच्या निवासात गटाने चार दिवस राहून बघावं. पंखा किती जोरात, दिवा किती वाजता बंद, खोकणाऱ्याने कुठल्या खोलीत झोपायचं, हे चार दिवसांत कळतं, आणि मग वसाहतीची यादी करायला बसलात तर तिच्यात नावं कुणाची घालायची तेही.